वाघोली ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर एक, वेळा अनेक

पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरची वाघोली पेशवाईतील सरदार पिलाजी जाधवराव यांच्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना आणि दगडखाणींमुळे पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांना फार पूर्वीपासून परिचित आहे. ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या तेवीस गावांत तिचा समावेश होता, आणि शेजारच्या खराडीत आयटी कंपन्या वाढत गेल्या तशी ही वस्ती परदेशी नोकरीशी जोडलेल्या कुटुंबांचीही होत गेली. मुलगा किंवा मुलगी कॅलिफोर्नियात आणि आईवडील वाघोलीत, अशी घरे आता येथील सोसायट्यांत अपवाद राहिलेली नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवतीच्या शहरांत मराठी वस्ती इतकी आहे की बृहन्महाराष्ट्र मंडळाचे २०२४ चे अधिवेशन तेथील सॅन होजे या शहरात भरले. या दोन ठिकाणांमध्ये नेमके अंतर किती आणि ते कापायला वेळ किती, हा प्रश्न त्यामुळे भूगोलाच्या पुस्तकापेक्षा घरगुती नियोजनाचा अधिक झाला आहे. त्याचे उत्तर मात्र भूगोलापासूनच शोधावे लागते, कारण अंतराला एकच आकडा असतो आणि वेळेला अनेक.

पृथ्वी गोल असल्यामुळे तिच्या पृष्ठभागावर सरळ रेषा काढताच येत नाही. दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग हा नेहमी एका वर्तुळाचा तुकडा असतो. ज्या वर्तुळाचे केंद्र पृथ्वीच्याच केंद्राशी जुळते, त्याला भूगोलात बृहद्वृत्त म्हणतात. विषुववृत्त हे एक बृहद्वृत्त आहे, आणि समोरासमोरची दोन रेखावृत्ते जोडली की तेही एक बृहद्वृत्तच होते. मात्र विषुववृत्त सोडून इतर कोणतेही अक्षवृत्त तसे नसते, आणि म्हणूनच नकाशावर आडवी दिसणारी रेषा ही जवळची वाट नसते. बृहद्वृत्तावरचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरांचा भरतो, त्यामुळे दोन ठिकाणांचे अक्षांश आणि रेखांश ठाऊक असले की त्रिकोणमितीच्या एका सूत्राने अंतर काढता येते. पुण्याचा विमानतळ उत्तर अक्षांश १८.५८ आणि पूर्व रेखांश ७३.९२ वर आहे, तर सॅन फ्रान्सिस्कोचा उत्तर अक्षांश ३७.६२ आणि पश्चिम रेखांश १२२.३८ वर. या आकड्यांतून निघणारा कोन १२१.७ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे अंतर सुमारे १३,५४० किलोमीटर. पृथ्वीचा परिघ ४०,००० किलोमीटरांहून किंचित जास्त असल्याने हे अंतर त्याच्या एक तृतीयांशापेक्षा थोडे अधिक आहे.

शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून पॅसिफिकच्या बाजूने हीच दोन शहरे जोडली, तर जवळजवळ पूर्वेकडे जाणारी रेषा मिळते आणि त्या रेषेवरचे अंतर सुमारे १६,००० किलोमीटर भरते. हा अडीच हजार किलोमीटरांचा फरक नकाशाच्या सदोषपणामुळे पडत नाही. त्या नकाशाची रचना जहाजाला एकच दिशा धरून जाता यावे यासाठी झालेली आहे आणि त्या कामात तो अचूक आहे, पण कायम एकाच दिशेने जाणे आणि कमीत कमी अंतर जाणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला की खरी वाट डोळ्यांना दिसते, आणि ती पाहणाऱ्याला चकित करते. कारण पुण्याहून निघालेला तो दोरा पूर्वेला वा पश्चिमेला न वळता उत्तरेला, पूर्वेकडे जेमतेम पंधरा अंश झुकून, निघून जातो. तो हिमाचल प्रदेश ओलांडून अक्साई चीनवरून शिंच्यांगमध्ये शिरतो, अल्ताई पर्वतरांगेपाशी रशियात पोचतो, सायबेरियातील क्रास्नोयार्स्कच्या जवळून जाऊन आर्क्टिक महासागरावर ७५ अंशांपलीकडच्या अक्षांशापर्यंत चढतो, आणि मग अलास्का व कॅनडाच्या किनाऱ्याच्या बाजूने कॅलिफोर्नियात उतरतो.

या वाटेचा एक विशेष पुणेकर प्रवाशाने अवश्य ध्यानात घ्यावा. ती जवळजवळ तंतोतंत दिल्लीवरून जाते. पुणे ते दिल्ली सुमारे १,१६० आणि दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,३८० किलोमीटर, यांची बेरीज थेट अंतराइतकीच येते. दिल्लीत विमान बदलल्याने निदान भूमितीच्या हिशेबात एक किलोमीटरही वाया जात नाही. इतर थांब्यांचे तसे नाही. दुबईमार्गे हे अंतर सुमारे १५,१०० किलोमीटर होते, फ्रँकफर्टमार्गे १५,८०० च्या घरात जाते, आणि सिंगापूरमार्गे १७,४०० च्या आसपास, म्हणजे थेट वाटेपेक्षा जवळजवळ चार हजार किलोमीटरांनी अधिक. तिकीट निवडताना भाडे आणि निघण्याची वेळ पाहिली जाते, पण कोणता थांबा वाटेवरचा आणि कोणता वाट वाकडी करून गाठायचा, हे क्वचितच पाहिले जाते.

भूमितीने दाखवलेली ही वाट विमानांना मात्र जशीच्या तशी मिळत नाही, आणि त्याचे पहिले कारण तिबेटचे पठार आहे. विमान अकरा-बारा किलोमीटर उंचीवर उडत असल्याने साडेचार किलोमीटर उंचीचे पठार सहज ओलांडता यावे असे वाटते, आणि सर्व काही सुरळीत असेपर्यंत ते खरेही असते. पण केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला, तर प्रवाशांच्या मुखवट्यांतला प्राणवायू काही मिनिटेच पुरत असल्याने विमानाला दहा हजार फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत, तातडीने खाली यावे लागते. तिबेटवर त्या उंचीवर हवा नसून जमीन असते. म्हणून या पठारावरचे मार्ग मोजके आहेत, त्यांसाठी विशेष तयारी लागते, आणि बहुतेक विमाने पठाराला वळसा घालतात. त्यात आणखी एका नियमाची भर पडते : दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडल्यास ठरावीक वेळेत गाठता येईल असा विमानतळ वाटेत सतत जवळपास ठेवावा लागतो, आणि असे विमानतळ आर्क्टिक व उत्तर पॅसिफिकच्या परिसरात विरळ आहेत.

दुसरे कारण राजकीय आहे. प्रत्येक देशाचे आपल्या भूमीवरच्या आकाशावर सार्वभौमत्व असते, ते उघडणे वा बंद करणे त्याच्या हातात असते, आणि त्या निर्णयाचा भार अखेरीस प्रवाशाच्या घड्याळावर पडतो. पाकिस्तानने २०१९ मध्ये फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत, आणि पुढे एप्रिल २०२५ पासून पुन्हा, भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला, आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या काही फेऱ्यांना इंधनासाठी व्हिएन्नात उतरावे लागले. युक्रेन युद्धानंतर, २०२२ पासून, रशियाचे आकाश युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना बंद झाले. भारतीय कंपन्यांना मात्र ते खुले राहिले. परिणामी त्याच दोन शहरांमधला प्रवास कोणत्या देशाच्या विमानाने केला यावर त्याची लांबी ठरू लागली. प्रत्यक्ष उड्डाण भूमितीपासून किती दूर जाऊ शकते याचे ठळक उदाहरण जानेवारी २०२१ मधले आहे. कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली केवळ महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बंगळुरूला आणलेल्या एअर इंडियाच्या विमानाने सुमारे १६,००० किलोमीटर कापले. या दोन शहरांतले बृहद्वृत्तीय अंतर १४,००० किलोमीटरांच्या आत आहे.

तरीही जास्त अंतर म्हणजे जास्त वेळ हा व्यवहारातला नियम आकाशात सरसकट लागू होत नाही, आणि या विषयातला सर्वांत रंजक भाग येथूनच सुरू होतो. पृथ्वीच्या मध्य अक्षांशांवर साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे अरुंद, नागमोडी पट्टे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. उष्ण आणि थंड हवेच्या प्रदेशांमधल्या तापमानाच्या फरकातून आणि पृथ्वीच्या परिवलनातून ते निर्माण होतात, हिवाळ्यात तो फरक वाढल्यावर अधिक जोर धरतात, आणि त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून १९२० च्या दशकात हे वारे मोजले आणि आपले निष्कर्ष १९२६ मध्ये एस्पेरांतो या भाषेत प्रसिद्ध केले. ते जगाच्या वाचनात फारसे आले नाहीत, आणि दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या वैमानिकांना या वाऱ्यांचा अनुभव नव्याने घ्यावा लागला.

हवामानाच्या या शास्त्राशी पुण्याचे नाते जुने आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले, आणि शिवाजीनगरचे ‘सिमला ऑफिस’ पुणेकरांच्या तोंडी बसले ते तेव्हापासून. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले, तरी विभागाचे मोठे काम पुण्यात चालू राहिले, आणि १९६२ मध्ये स्थापन झालेली उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था पाषाणला आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावरून वाहणारा पश्चिमी जेट प्रवाह पावसाळ्यापूर्वी हिमालयाच्या उत्तरेला सरकतो, आणि मोसमी पावसाच्या काळात दक्षिण भारतावर, आणखी वरच्या थरात, पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा वेगळा जेट प्रवाह प्रस्थापित होतो. या दुसऱ्या प्रवाहाचा शोध पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात लावला. पावसाच्या अंदाजासाठी ज्याचा अभ्यास होतो तेच ज्ञान विमानाचा मार्ग आखणाऱ्यालाही लागते, ही गोष्ट प्रवाशांच्या सहसा लक्षात येत नाही.

वारा अंतरावर कशी मात करतो हे ऑक्टोबर २०१६ मध्ये स्पष्ट दिसले. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान त्याआधी अटलांटिकवरून, म्हणजे पश्चिमेकडून, सुमारे १३,९०० किलोमीटर जात असे आणि त्याला बराचसा वेळ समोरून येणारा वारा कापावा लागे. एअर इंडियाने ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून, नेण्यास सुरुवात केली. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाले, पण वारा पाठीमागून मिळाल्याने प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे जवळजवळ दोन तास लवकर, पूर्ण झाला. भागाकार केला तर जमिनीच्या संदर्भात सरासरी वेग ताशी १,०५० किलोमीटर निघतो, आणि असे प्रवासी विमान हवेच्या संदर्भात ताशी नऊशेच्या आसपासच उडते. वरचा वेग वाऱ्याने दिला. पोहणारा आपल्या ताकदीने हात मारतो आणि नदीचे पाणी त्याला पुढे नेते, तसाच हा प्रकार आहे. पृथ्वी खालून फिरत असल्यामुळे एका दिशेचा प्रवास लवकर होतो असा समज आढळतो, तो बरोबर नाही, कारण पृथ्वीबरोबर तिचे वातावरण आणि त्यातले विमान ही दोन्हीही फिरतच असतात. मुंबईहून लंडनला जाताना लागणारा वेळ परतीच्या प्रवासापेक्षा तासाभराने अधिक असतो, त्याचेही कारण हेच वारे आहेत.

मग वाघोलीच्या उशालाच असलेल्या पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून अमेरिकेचे विमान का सुटत नाही, हा प्रश्न उरतो. लोहगावचा तळ १९३९ मध्ये ब्रिटिश हवाई दलासाठी उभा राहिला, आज तो भारतीय हवाई दलाकडे आहे आणि प्रवासी विमाने त्याच धावपट्टीचा वापर करतात. जुलै २०२४ पासून नवे टर्मिनल सुरू झाल्याने प्रवाशांना बसायला जागा झाली, पण दूरच्या प्रवासाचा निर्णय टर्मिनलवर होत नाही, तो धावपट्टीवर होतो. लोहगावची धावपट्टी सुमारे २,५३५ मीटर लांब आहे आणि समुद्रसपाटीपासून ५९२ मीटर उंचीवर आहे. उंचावर, आणि विशेषतः उन्हाळ्याच्या दुपारी, हवा विरळ होते, पंखांना मिळणारी उचल आणि इंजिनांचा जोर घटतो, आणि त्याच वजनाला अधिक लांब धाव लागते.

अमेरिकेपर्यंत न थांबता जाणाऱ्या विमानाचे वजन बहुतांशी इंधनाने वाढलेले असते. बोइंग ७७७-२०० एलआर या दूर पल्ल्याच्या विमानाचे उड्डाणावेळचे कमाल वजन सुमारे ३४७ टन असते आणि त्याच्या टाक्यांत सुमारे १४५ टन इंधन मावते. त्यातला मोठा वाटा केवळ पुढच्या तासांचे इंधन वाहून नेण्यातच जळतो. म्हणूनच पल्ला दुप्पट झाला की लागणारे इंधन दुपटीपेक्षा जास्त होते. एवढ्या वजनाला समुद्रसपाटीवरही तीन किलोमीटरांच्या आसपास धावपट्टी लागते. लोहगावहून लुफ्तान्साने २००८ मध्ये फ्रँकफर्टची सेवा सुरू केली तीही लहान आकाराच्या विमानाने, आणि दुबई, सिंगापूर, बँकॉक हे जे परदेशी मार्ग पुण्याला मिळाले ते सारे एका लहान विमानाच्या आवाक्यातले आहेत. वाघोलीच्या गच्चीवरून धावपट्टीच्या दिशेने उतरताना दिसणारी विमाने तीन अंशांच्या उतारावर, दर किलोमीटरमागे सुमारे बावन्न मीटर खाली येत, शेवटचे काही किलोमीटर कापत असतात. त्यांतले कोणतेही कॅलिफोर्नियाहून थेट आलेले नसते.

तिकिटावर छापलेला वेळ म्हणजे हवेत घालवलेला वेळ नसतो, हेही येथे सांगायला हवे. विमानाच्या चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून दुसऱ्या विमानतळावर ते पुन्हा लावेपर्यंतच्या अवधीला ब्लॉक टाइम म्हणतात आणि वेळापत्रक त्यावर बांधले जाते. पुणे–दिल्लीचे ११६० किलोमीटर ताशी नऊशेच्या गतीने सव्वा तासात संपायला हवेत, पण तिकिटावर दोन तासांहून अधिक दिसतात, कारण धावपट्टीपर्यंतचे रांगणे, चढणे, उतरणे, रांगेत घिरट्या घालणे आणि उशीर झाल्यास तो पोटात घालण्यासाठी ठेवलेली सूट हे सारे त्यात धरलेले असते. लोहगावला लढाऊ विमानांच्या सरावाचे तास सोडून उरलेल्या वेळात प्रवासी फेऱ्या बसवाव्या लागतात, तेही बंधन आहेच.

घड्याळाचा हिशेब निराळाच असतो. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते आणि भारताची प्रमाणवेळ पूर्व रेखांश ८२.५ वर, तर कॅलिफोर्नियाची पश्चिम रेखांश १२० वर धरलेली आहे. या दोहोंमधल्या २०२.५ अंशांचे साडेतेरा तास होतात, आणि मार्च ते नोव्हेंबर तेथील घड्याळे तासभर पुढे असताना साडेबारा. मुंबईहून डिसेंबर २०२२ मध्ये एअर इंडियाने सॅन फ्रान्सिस्कोची थेट सेवा सुरू केली तेव्हा हा प्रवास साधारण सोळा तासांचा होता. म्हणजे हिवाळ्यात दुपारी दोनला निघालेला प्रवासी तेथील घड्याळानुसार त्याच दिवशी साडेचारला उतरे, आणि परतीच्या प्रवासाला मात्र कागदावर साडेएकोणतीस तास लागलेले दिसत. तारीख जुळते, पण शरीर जुळत नाही. बारा-तेरा तासांचा फरक म्हणजे दिवसरात्रीची पुरती उलटापालट असल्याने झोप आणि भूक जागेवर यायला आठवडाभर, वयस्करांना त्याहून अधिक, लागणे स्वाभाविक आहे.

अमेरिकेचा प्रवास पूर्वी तासांत नव्हे, महिन्यांत मोजला जाई. कल्याणच्या आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कोलकात्याहून जहाजाने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या; त्यांना या प्रवासाला जवळजवळ दोन महिने लागले. एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे निघून १० जूनला लंडनला उतरले. १९६० मध्ये बोइंग ७०७ या जेट विमानाने एअर इंडिया न्यूयॉर्कला पोचू लागली, आणि विमानाचा वेग तेव्हा जो होता तोच आजही जवळपास आहे. या साठ-पासष्ट वर्षांत वाढला तो पल्ला, म्हणजे न थांबता जाण्याची क्षमता. प्रवासाचा एकूण वेळ घटला तो मधले थांबे गळाल्यामुळे.

म्हणूनच वाघोलीच्या प्रवाशाचे बरेचसे तास आज जमिनीवर खर्च होतात. मुंबईचा विमानतळ वाघोलीपासून सरळ रेषेत सुमारे १३० किलोमीटर आहे, रस्त्याने १६० च्या पुढे, आणि केसनंद फाट्यापासून खराडीपर्यंतची कोंडी, द्रुतगती मार्गाचा घाट आणि मुंबईची वाहतूक धरता निदान चार तास, गर्दीच्या वेळी पाच-सहा तास हाताशी ठेवावे लागतात. तेवढ्या वेळात विमान साडेतीन ते पाच हजार किलोमीटर जाते. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी पोचायचे, तिकडे उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, सामान आणि सॅन होजेपर्यंतचे पन्नास-साठ किलोमीटर, असे मिळून सोळा तासांचा प्रवास घरापासून घरापर्यंत सत्तावीस-अठ्ठावीस तासांचा होतो. लोहगावहून दिल्लीमार्गे गेल्यास रस्त्याचे तास जवळजवळ संपतात आणि वाटही वाकडी होत नाही. तेथे विमान बदलण्यात जाणारे तास मात्र त्यातून वजा करावे लागतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ वाघोलीकरांना मुंबईपेक्षा जवळचा आहे, आणि तेथून दूर पल्ल्याची विमाने वाढली तर हा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

एकट्याने निघालेल्या आईवडिलांसाठी अंतरापेक्षा आणि तासांपेक्षाही महत्त्वाचे ठरते ते तिकिटाचे स्वरूप. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल तर पहिले विमान उशिरा पोचून पुढचे चुकल्यास पुढची सोय करण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते आणि सामानाची चिठ्ठी शेवटच्या शहरापर्यंतची मिळते. वेगवेगळी दोन तिकिटे काढून काही हजार रुपये वाचवले, तर चुकलेल्या विमानाचा भार प्रवाशावरच पडतो. अमेरिकेत पहिल्यांदा जेथे उतरावे तेथेच इमिग्रेशन होते आणि पुढे देशांतर्गत विमान घ्यायचे असल्यास सामान उचलून पुन्हा द्यावे लागते. अबुधाबीला ही अमेरिकी तपासणी विमानात चढण्यापूर्वीच पार पडते, त्यामुळे तेथून गेलेला प्रवासी अमेरिकेत उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखा थेट बाहेर पडतो. इंग्रजी सूचना ऐकून गेट शोधणे, गुडघे दुखत असताना टर्मिनलच्या टोकापर्यंत चालणे, या गोष्टी सत्तरीच्या व्यक्तीला दीड तासाच्या थांब्यात जमत नाहीत. तीन-चार तासांचा थांबा, तिकिटाबरोबरच नोंदवलेली व्हीलचेअर, आणि दर दोन तासांनी पाय मोकळे करता येतील अशी वाटेलगतची जागा, एवढे बघून घेतले तर एकूण वेळ दोन तासांनी वाढला तरी चालतो.